आधी जमीन बघ, मग टाच

उंच टाच घ्यायची की सपाट चप्पल, हे दुकानात उभं राहून ठरवायचं नसतं. तिथे आरसा असतो, गुळगुळीत फरशी असते, एसी असतो आणि तू चालतेस ती जेमतेम दहा पावलं. दहा पावलांत काहीही छानच वाटतं. म्हणून घरातून निघतानाच दोन गोष्टी पक्क्या करून जा. ही वहाण कुठल्या जमिनीवर चालणार आहे, आणि सलग किती तास पायात राहणार आहे? माझी आई, म्हणजे तुझी आजी, एवढंच म्हणायची: वाट बघून वहाण घ्यावी. पुढे मी सिस्टर म्हणून वॉर्डात नोकरी केली, स्वतः तासन्‌तास उभी राहिले आणि बायकांचे पाय फार जवळून पाहिले. त्यातून आईच्या सांगण्यात मी एकच भर घातली आहे, ती तासांची.

आता तुझी नवी नोकरी बघ. डोंबिवलीहून लोकल, दादरला पूल चढून पश्चिमेकडच्या गाडीला धावायचं, वांद्र्याला उतरून शेअर रिक्षाची रांग, आणि मग बीकेसीतल्या ऑफिसची चकचकीत फरशी. या सगळ्या वाटेत उंच टाचेला मानवणारी जमीन फक्त शेवटची. आधीची सगळी वाट धक्क्यांची, जिन्यांची आणि पेव्हर ब्लॉकच्या फटींची आहे. बारीक टाच त्या फटीत एकदा का रुतली की मागून येणारी गर्दी थांबत नाही आणि घोटा मुरगळतो. गाडीचा फूटबोर्ड आणि फलाट यांच्यामधली फट तर तुला मी सांगायला नको. तेव्हा प्रवासाचा जोड वेगळा आणि ऑफिसचा वेगळा ठेव. येता-जाता पायाला घट्ट धरणारे स्पोर्ट्स शूज किंवा मागे पट्टा असलेली सँडल. हील्स ऑफिसातच ड्रॉवरमध्ये राहू देत. रोज ने-आण करायचीच असेल तर कापडी पिशवीत घाल, प्लॅस्टिकच्या नको, आत घाम कोंडून वास धरतो. ऑफिसच्या ड्रेसवर स्पोर्ट्स शूज कसे दिसतील म्हणून संकोचू नकोस. सकाळच्या जलद गाडीत अर्ध्या बायका तशाच दिसतील तुला.

उंच टाचेनं नेमकं काय होतं ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं तुझं तुला कळेल. एका पावलात २६ हाडं असतात. सपाट उभं राहिलं की शरीराचा भार टाच आणि पावलाचा पुढचा भाग यांच्यात वाटला जातो. टाच उचलली की तो पुढे, चवड्यावर सरकतो, आणि टाच जितकी उंच तितका जास्त सरकतो. चवडा आणि बोटं त्या उतारावरून पुढे घसरत राहतात आणि टोकदार बूट असेल तर एकमेकांवर चढतात. त्यातूनच अंगठ्याच्या मुळाशी बाहेर येणारी गाठ वाढते. ही गाठ घराण्यातही असते. आपल्या घरात तुझ्या आजीला होती, त्यामुळे तुला पुढून निमुळत्या बुटांची चैन रोज परवडणार नाही. दुसरं म्हणजे पोटरी. टाच कायम वर राहिली तर पोटरीचे स्नायू आखूड होऊन आखडतात. मग काही वर्षांनी अशी वेळ येते की सपाट चप्पल घातली तरी पोटरी ओढते आणि बाईला वाटतं, आपल्याला हील्सच मानवतात. मानवत वगैरे काही नाही, पाय तेवढा आखडलेला असतो. अशी सवय जडलेली असेल तर एकदम सपाटवर येऊ नये, टाच अर्ध्या-अर्ध्या इंचानं कमी करत यावं.

आणि जाड टाच म्हणजे निर्धोक, हे दुकानदाराचं पालुपद पूर्ण खरं मानू नकोस. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९८ साली एक अभ्यास आला होता. उंच टाचेनं गुडघ्याच्या सांध्यावरचा ताण वाढतो असं त्यात मोजून दाखवलं होतं. २००१ मध्ये त्याच संशोधकांनी रुंद टाच तपासली, तर गुडघ्यावरचा ताण तिथेही वाढलेलाच. रुंद टाचेनं तोल सांभाळला जातो, घोटा वाचतो, आणि हा फायदा मोठा आहे, तो घेच. फक्त गुडघ्यासाठी उंचीच कमी करावी लागते, जाडी वाढवून भागत नाही.

हे वाचून तू म्हणशील, मग सपाटच बरी. तिथेच तर बायका फसतात. टाचदुखी घेऊन येणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत सुई टोचल्यासारखी कळ, चार पावलं चालल्यावर जरा कमी, संध्याकाळी परत. यातल्या बहुतेक जणींनी जन्मात उंच टाच घातलेली नसते. त्यांच्या पायात असते घासून कागद झालेली स्लीपर, आणि घरभर टणक टाइल्स. तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा ताणलेला असतो, पावलाची कमान तो धरून ठेवतो. खाली आधार नसला की तो दिवसभर ओढला जातो आणि टाचेपाशी सुजतो. सैल स्लीपर निसटू नये म्हणून बोटं सारखी आवळून धरावी लागतात, त्यानं तर आणखीच. तुझ्या त्या नाजूक बॅलेरिना, ज्यांचा तळ दुमडून पर्समध्ये मावतो, त्याही याच जातीच्या. तासभर ठीक, दिवसभरासाठी नाही. रोजच्या चालण्याला अगदी शून्यापेक्षा अर्धा ते एक इंच टाच, खाली जाड पण दबणारा तळ, आणि कमानीखाली थोडा उंचवटा, हे बहुतेक पायांना सुखाचं असतं.

आता दुकानातलं. चपला संध्याकाळी घ्याव्यात, हा आजीचाच मंत्र, आणि त्याला कारण आहे. दिवसभरात पाय सुजून थोडे मोठे होतात. सकाळी नीट बसलेली चप्पल संध्याकाळी चावते. घरी एका कागदावर उभी राहा, कुणाकडून तरी पेन्सिल सरळ धरून पावलाची कड काढून घे, दोन्ही पायांची. एक पाऊल बहुधा मोठं निघतं, माप त्याचंच. तो कागद कापून दुकानात ने आणि आवडलेल्या जोडाच्या तळावर ठेव. कागदाची कड तळाच्या बाहेर डोकावली तर तो जोड परत ठेवून दे, कितीही सुंदर असला तरी. नंबरावर विश्वास टाकू नकोस. एका कंपनीचा पाच दुसरीचा सहा असतो. पायात घालून उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे, आणि सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळ जणींचं शेजारचं असतं. “घालून घालून सैल होईल” असं सेल्समन म्हणाला तर खरं चामडं थोडं सैल होतं हे ध्यानात ठेव. रेक्झिन होत नाही. लांबी तर कशाचीच वाढत नाही.

मग तो जोड हातात घे. टाच एका हातात आणि पुढचं टोक दुसऱ्या हातात धरून वाकव. जिथे बोटं सुरू होतात तिथेच वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर त्यात आधार नाही, अजिबात वाकलाच नाही तर पाऊल उचलताना टाच बाहेर येत राहील. फडकं पिळतो तसा पीळ देऊन बघ, सहज पिळला जाता कामा नये. हीलचा जोड असेल तर काउंटरवर ठेवून वरून बोटानं हलकं ढकल. डगमगला तर पायातही डगमगणार. मागून बघ, टाचेचा खांब तुझ्या टाचेच्या बरोबर मध्याखाली येतो का? पुष्कळ स्वस्त हील्समध्ये तो फार मागे सरकलेला असतो, आणि चालताना आपण मागे कलतोय असं वाटत राहतं. शेवटी आत हात घालून बोटांनी चाचपून बघ, शिवणीची गाठ, गोंदाचा खडा, बक्कलाची टोकं. हाताला जे टोचतं ते पायाला जखम करतं.

नवीन जोड घरी आणला की दोन-तीन संध्याकाळी फरशीवर अर्धा-अर्धा तास घालून फिर, तळ मळू देऊ नकोस. लागत असेल तर परत करता येतो. बिल जपून ठेव.

हील्स घेणारच आहेस, घे. हौस असावी. चांगली टाच घातली की पाठ ताठ होते, साडी खाली सुरेख पडते, हे मलाही आवडतं. फक्त उंची नीट वाच. चार इंच टाच आणि पुढे दीड इंचाचा प्लॅटफॉर्म असेल तर पायाला चढ अडीच इंचांचाच बसतो. तीन इंच टाच आणि पुढे पातळ तळ असेल तर पूर्ण तीन. म्हणजे दिसायला उंच असलेला जोड कधी कधी पायाला हलका असतो. पण फार जाड प्लॅटफॉर्मनं जमीन पायाला कळेनाशी होते आणि घोटा वळतो, म्हणून एक-दीड इंचावर तो नको. ऑफिसात रोजसाठी दोन इंचांची मर्यादा पाळ, त्यावरचं सणासमारंभाला. घोट्याभोवती पट्टा असेल तर पाय पुढे घसरत नाही. तो नसेल तर चवड्याखाली सिलिकॉनची गादी घाल, चपलांच्या दुकानात मिळते.

चालायचंही तंत्र असतं. पाऊल नेहमीपेक्षा लहान टाक, आधी टाच टेकव मग चवडा, धपकन सगळं पाऊल एकदम टाकू नकोस. जिना उतरताना कठडा धर आणि पाऊल किंचित तिरकं ठेव म्हणजे पायरीवर पूर्ण मावेल. खुर्चीत बसलीस की टेबलाखाली काढून ठेव, घोटे गोल फिरव. घरी आल्यावर भिंतीला दोन्ही हात टेकून एक पाय मागे ने, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पोटरी ताणलेली जाणवेपर्यंत पुढे झुक. सावकाश तीसपर्यंत आकडे मोज. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा थोडा वाकवून, दोन्ही पायांना. हा व्यायाम जिन्यावर लटकत्या टाचांनी करायला सांगतात, पण दमून आल्यावर तोल जातो, भिंतच बरी. टाच दुखत असेल तर पाण्याची छोटी बाटली फ्रीझरमध्ये गोठवून, टॉवेलवर ठेवून तळपायाखाली पाच-दहा मिनिटं फिरव.

टाचेचा उगमच मुळी चालण्यासाठी नाही. इराणी घोडेस्वारांच्या बुटांना टाच असे, रिकिबीत पाय पक्का बसावा म्हणून. तिथून ती युरोपात गेली, सतराव्या शतकात राजे-सरदार पुरुष ती मिरवू लागले. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचा घालायचा. सुईसारखी बारीक टाच तर १९५०च्या दशकातली, आत धातूची काडी घालता यायला लागल्यावरची. हे एवढ्यासाठी सांगितलं की टाच न मानवणारी बाई कमी बायकी, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. आणि ऑफिसात कुणी सक्ती करत असेल तर तेही नको. २०१५ मध्ये लंडनमध्ये एका स्वागतिकेला हील्स घातल्या नाहीत म्हणून घरी पाठवलं, तर तिच्या अर्जावर दीड लाखांवर लोकांनी सह्या केल्या आणि ब्रिटिश संसदेत चर्चा झाली. फिलिपिन्सनं २०१७ मध्ये अशा सक्तीवर बंदीच घातली. नीटनेटके, पॉलिश केलेले, काळे किंवा तपकिरी लोफर कुठल्याही मीटिंगला चालतात.

सपाट चपलेत ऐट आणायला दोन-तीन गोष्टी पुरतात. पुढून व्ही आकारात उघडी, पावलाचा वरचा भाग दिसणारी आणि त्वचेच्या रंगाजवळ जाणारी चप्पल पाय लांब दाखवते. घोट्याला आडवा जाड पट्टा तो आखूड दाखवतो, तू बुटकी आहेस म्हणून हे लक्षात ठेव. पँट सपाट चपलेच्या मापानं छाटून घे. हील्ससाठी शिवलेली पँट सपाटवर लोळते आणि सगळं ध्यान गबाळं दिसतं.

आता दादाच्या लग्नाचं. नाशिकला लॉनवर आहे, म्हणजे हिरवळ, आणि संध्याकाळी पाणी मारलेली. तिथे बारीक टाच मातीत रुतणार, तू प्रत्येक पाऊल उपटत चालणार. वेज किंवा रुंद टाच घे. साडी आधी ठरव, मग चप्पल, आणि नेसताना चप्पल पायात असू दे. अनवाणी नेसलेली साडी हील्स घातल्यावर चार बोटं वर जाते आणि फॉलची कड उघडी पडते. उलट केलंस तर तीच साडी पायात येते. मंडपात, अक्षतांच्या वेळी, चपला बाहेर काढाव्या लागणार, त्या तासाभरासाठी साडी किंचित वर खोचायला एक पिन जवळ ठेव. पैंजण घालणार असशील तर घोट्याच्या पट्ट्याची सँडल नको. घुंगरू बक्कलात अडकतं, पैंजण तुटतं किंवा साडीची जर ओढली जाते. वहिनी नवी जोडवी घालणार आहे, तिलाही सांग, रिसेप्शनला पुढून बंद टोकदार बूट नकोत. जोडवी शेजारच्या बोटात रुतते आणि रात्री बोट सुजून ती निघतही नाही. पुढून उघडी सँडल तिच्यासाठी.

नऊवारीवर मात्र कोल्हापुरीच. मी हे परंपरेपोटी म्हणत नाही, नऊवारीचा ओचा आणि घोटा दिसण्याची जी शोभा आहे ती टाचेनं बिघडते. खरी कोल्हापुरी ओळखायला शीक. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. २०१९ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं तशाच सँडल नाव न घेता दाखवल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तू पाहिलंसच. नवी कोल्हापुरी चावते. लग्नाच्या आदल्या दिवशी घेऊ नकोस, महिनाभर आधी घे. पट्ट्यांना आणि अंगठ्याला आतून एरंडेलाचं बोट फिरव, रात्रभर मुरू दे, आणि रोज थोडा वेळ घाल. तिच्या तळाला गादी नसते, म्हणून दिवसभराच्या उभ्या कामाला ती नाही. पावसात तर अजिबात नाही. भिजलीच तर सावलीत वाऱ्यावर वाळव. उन्हात ठेवलीस तर चामडं कडक होऊन तडकतं.

पावसाचं वेगळंच. जून लागला की चामडं कपाटात आणि रबर बाहेर. तळाला खोल खाचा हव्यात. स्टेशनच्या ओल्या पुलावर गुळगुळीत झालेला सपाट तळ हा उंच टाचेपेक्षा धोकादायक. मागे पट्टा नसलेली चप्पल चटक-चटक करत पाठीपर्यंत चिखल उडवते. बंद बुटात पाणी शिरलं की बोटांमध्ये चिखल्या होतात, म्हणून उघडी सँडल बरी, आणि ऑफिसात पोहोचल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून घे.

जोड विकत घेऊन झालं असं समजू नकोस. टाचेखालचं रबर झिजून आतला खिळा फरशीवर टकटक वाजायला लागला की त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या चप्पल दुरुस्तीवाल्या काकांकडे जा, नवीन रबर मारून घे. थोड्या पैशांचं काम, पण न केल्यास टाच तिरपी झिजते आणि घोटा तिच्यामागे तिरपा होतो. जुन्या चपलांचे तळ उलटे करून बघत जा. दोन्ही टाचा बाहेरून किंचित झिजलेल्या असतात, ते ठीक. एकाच बाजूनं फार खाल्ल्या असतील, किंवा एकच पाय जास्त, तर हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखव.

आणि पहिल्या पगारात तुझ्या आईलाही एक जोड घे. तिला साखर आहे, म्हणून तिच्यासाठी नियम वेगळे. मागे पट्टा हवा, पुढे बोटांना ऐसपैस जागा, आत शिवण नको, आणि पट्टा वेल्क्रोचा, म्हणजे सूज येईल तसा सैल करता येतो. अंगठ्याच्या खाचेची चप्पल तिला नको. साखरेनं बोटांतली जाणीव कमी होते, चप्पल लागतेय हे कळत नाही आणि जखम चिघळते. नवा जोड तिनं पहिल्या दिवशी तासभरच घालायचा, मग काढून पाऊल चारही बाजूंनी बघायचं, तळ आरशात. लाल डाग दिसला आणि थोड्या वेळात गेला नाही तर तो जोड तिच्यासाठी नाही. घरातही अनवाणी नको, मऊ तळाची एक चप्पल फक्त घरात वापरायला ठेव. तिचं माप अंदाजानं आणू नकोस, तिला बरोबर ने. वयाबरोबर पाऊल पसरतं, पूर्वीचा पाच नंबर एव्हाना सहा झाला असेल.